सिमेंट उतरवताना

मिस्त्री छिन्नी लावायच्या आधी भिंत ठोकून बघतायत. हातोडीचा दांडा दाराजवळ आपटला की टणक आवाज येतो, कोपऱ्याकडे सरकत गेलं की तोच पोकळ होत जातो. “हितनं सुटलंय,” म्हणत ते कोळशानं एक आडवी रेघ ओढतात. रेघ माझ्या छातीच्या उंचीवर आहे. तिच्याखालचा सिमेंटचा गिलावा भिंतीला धरून नाही, नुसता उभा आहे. वरचा रंग मात्र शाबूत. कमरेपर्यंत तपकिरी ऑइलपेंट, त्याच्यावर बदामी इमल्शन, दोन्हींच्या मधून बोटभर काळी पट्टी. दोन-तीन ठिकाणी फुगे आलेत, तेवढं सोडलं तर दारातून आत येणाऱ्याला ही ओसरी धडधाकटच वाटावी.

वाईच्या मधल्या आळीतला हा दोन चौकांचा वाडा. मार्गशीर्ष सरत आलाय. सकाळचे नऊ वाजून गेले तरी पुढच्या चौकात ऊन उतरलेलं नाही आणि मजुरांनी कानावरचे मफलर सोडलेले नाहीत. कृष्णाबाईच्या उत्सवाच्या आत निदान देवडी, ओसरी आणि पुढचा सोपा उरकावा असं घरच्या वहिनींच्या मनात आहे. उत्सवाला माहेरवाशिणी येतात, पाहुणे येतात, घाटावरून परतताना सगळे याच ओसरीवर टेकतात. मी इथे लहानपणापासून येते-जाते, म्हणून वहिनींनी काम बघायला आवर्जून बोलावलंय. जोत्याच्या पायरीवर बसून मी बघते आहे.

छिन्नी रेघेवर बसते. चौथ्या-पाचव्या घावाला हातभर रुंदीचा पापुद्रा सुटतो आणि खाली पडून फुटतो. मागची भिंत ओली आहे. पाऊस थांबून दोन महिने झाले, बाहेर धुळीचे दिवस सुरू झाले, आणि इथे विटा हाताला गार, ओलसर लागतात. त्यांच्यावर पांढरी भुकटी साचलीय. मिस्त्री ती बोटाच्या टोकावर घेऊन जिभेला लावतात आणि थुंकतात. “लोणा. चाखून बगा ताई, मिठावानी लागतोय.” दुसऱ्या पापुद्र्याबरोबर एका विटेचा दर्शनी भागच निघून येतो. आतली वीट बोटानं खरवडली तरी पडते.

भिंतीची रचना आता उघडी दिसते. खाली घडीव काळ्या दगडाचं जोतं, त्याच्यावर पातळ भाजक्या विटा, सांध्यात चिकणमाती. अशा भिंतीत जमिनीतली ओल चढणारच. ती पायातच अडवणारा थर जुन्या बांधकामात नसतो. तेव्हाचा हिशेब वेगळा होता: पाणी अडवून धरायचं नाही, त्याला वाट करून द्यायची. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो. भिंतीत चढलेली ओल त्याच्यातून वाफ होऊन निघून जाते, क्षार आले तर ते गिलाव्यात येतात, गिलावा झिजतो, काही वर्षांनी तेवढाच काढून नवा करायचा. झीज गिलाव्यानं सोसायची आणि भिंत वाचवायची, अशी ती वाटणी होती. सिमेंटचा थर दाट. त्याच्यावर ऑइलपेंट म्हणजे उरलीसुरली वाटही बंद. कोंडलेलं पाणी मग वर चढत जातं, जिथे फट सापडेल तिथे सुकतं आणि सुकताना त्यातल्या क्षारांचे स्फटिक विटेच्या पोटात फुगतात. वीट आतून फुटते. बाहेर रंग तसाच.

वाईच्या लोकांना पाण्याशी वागण्याची ही रीत नवी नाही. इथून चार पावलांवर घाटावर महागणपतीचं, म्हणजे आपल्या ढोल्या गणपतीचं देऊळ आहे, गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेलं. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, टोकदार, नदीच्या अंगाला. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर दुभंगतं आणि दोन्ही बाजूंनी निघून जातं. पुराच्या बाबतीत जे दगडात केलं, तेच ओलीच्या बाबतीत चुन्यात केलं होतं, असं मला या उघड्या भिंतीपुढे बसून ठामपणे वाटतं.

सिमेंट इथे आलं त्याला बारा-तेरा वर्षं झाली. भिंतीला पोपडे धरत होते, दर दिवाळीआधी चुना लावायला माणूस मिळेनासा झाला होता, आणि एका ठेकेदारानं सांगितलं, एकदाच सिमेंट मारून घ्या, पुन्हा बघायला नको. घरच्यांनी पैसे साठवून काम करून घेतलं. आळीतल्या लोकांनी येऊन पाहिलं, घर नवं झालं म्हणाले. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. सिमेंट म्हणजे पक्कं आणि चुना-माती म्हणजे कच्चं, ही समजूत आपल्याकडे सरकारी कागदांपासून लग्नाच्या बोलणीपर्यंत सगळीकडे मुरलेली आहे. पण पेशवाई १८१८ मध्ये संपली आणि पोर्टलंड सिमेंटचं पेटंट इंग्लंडात घेतलं गेलं १८२४ मध्ये. इथून जवळच मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे. त्याच्या भिंतींवरची चित्रं अजून ओळखू येतात, ती चुन्याच्या गिलाव्यावर काढलेली आहेत. त्या वाड्याच्या गवंड्यांना सिमेंट ठाऊकच नव्हतं. मग आपण ज्याला कच्चं म्हणतो ते दोनशे वर्षं टिकलं आणि पक्कं म्हणून जे लावलं त्यानं बारा वर्षांत वीट खाल्ली, हे डोळ्यांसमोर आहे.

“सावकाश, सावकाश,” मिस्त्री तरण्या गड्याला सांगतात. “वीट सोडून सिमिट काढ. जोर हातात न्हाई, मनगटात ठेव.” वरच्या भागात सिमेंट घट्ट बसलंय, तिथे जोरानं मारलं तर विटेचा टवका निघतो. म्हणून छिन्नी जवळजवळ भिंतीला समांतर धरून थर कडेनं उचलायचा. काम फार हळू चाललंय. दुपारपर्यंत दोन खणांची भिंतसुद्धा मोकळी होणार नाही.

खरी गंमत कोनाड्यात आहे. ओसरीच्या मधल्या कोनाड्याला कुणी सिमेंट लावलेलं नाही. महिरप नाजूक, तिथे थापी चालली नसावी. फक्त रंगावर रंग चढत गेलेत. मिस्त्रींनी तिथे पातीनं एक तिरकी खरवड काढून ठेवलीय, कुठपर्यंत जायचं ते ठरवायला. मी चष्मा पुसून जवळ जाते. खरवडीच्या उतारावर रंगांच्या कडा एकापुढे एक उघड्या पडल्यात. सगळ्यांत वर बदामी. त्याच्याखाली गुलाबी डिस्टेंपर, मग पोपटी, मग पुन्हा गुलाबी, पण मळकट. त्यानंतर चुन्याचे थर सुरू होतात. ते इतके पातळ आहेत की मोजता येत नाहीत: पांढरा, निळसर, पुन्हा निळसर, एक पिवडीचा पिवळा, पुन्हा पांढरा, आणि तळाशी गेरूची एक रेघ, महिरपीच्या कडेनं काढलेली. नखानं टोकरलं तर वरचे तीन-चार रंग रबरी पातीत वाकतात. चुन्याचे थर वाकत नाहीत, त्यांची भुकटी होते.

आजी काठी टेकत येतात. वहिनींच्या सासूबाई, वय नव्वदीकडे झुकलेलं. त्यांना खुर्ची दिली जाते, पण त्या बसत नाहीत. कोनाड्यात डोकं घालून बघतात.

“हा पोपटी आमच्या वन्संच्या लग्नातला,” त्या सांगतात. “त्यांच्या सासरचा वाडा पोपटी होता, म्हणून मामंजींनी हट्टानं लावला. मी या घरात आले तेव्हा निळं होतं. नीळ घातलेला चुना. दसऱ्याच्या आधी आम्ही बायकाच लावायचो. माजघराला मी, ओसरीला थोरल्या जाऊबाई. घायपाताचा कुंचा असायचा, हाताला फोड यायचे.”

“मग खोबरेल लावायचं ना आज्जी,” मिस्त्री म्हणतात.

“लावायचो की. तरी यायचे.”

माझं लक्ष त्या निळसर थरांकडे जातं. दर वर्षी एक हात, आणि तो हात घरातल्याच कुणाचा. भिंतीचं रूप तेव्हाही बदलत होतं, किंबहुना जास्त वेळा बदलत होतं. पण प्रत्येक नवा थर आधीच्यात मुरत होता, कारण तो त्याच जातीचा होता.

मागच्या चौकात चुना आहे. विटांचा एक उथळ हौद दसऱ्याच्या सुमाराला बांधून घेतला आणि त्यात पहिली चुनकळी विझवून पाण्याखाली ठेवलीय. तो चुना आता काढायला घेतलाय. वरचं पाणी बाजूला सारून फावडं घातलं की खालचा गोळा लोण्यासारखा निघतो, पांढराशुभ्र आणि जड. चुना जितका जास्त दिवस पाण्याखाली राहील तितका मऊ होतो, हे मिस्त्रींच्या वडिलांनी त्यांना शिकवलेलं. वडील देवळांच्या शिखरांवर काम करायचे. मिस्त्रींनी मधली पुष्कळ वर्षं सिमेंटचीच कामं केली, पोट त्याच्यावर चाललं. चुन्याची कामं पुन्हा येऊ लागली ती अलीकडे, आणि आता त्यांच्याकडे शिकायला दोन पोरं आहेत.

शेजारच्या पिंपात आज नवी कळी विझवायचीय, रंगासाठी. मिस्त्री सगळ्यांना मागे सारतात. आधी पाणी, मग कळी. उलटं केलं तर अंगावर उसळतं. पोरांच्या डोळ्यांवर चष्मे आहेत. चुनखडीचा दगड भट्टीत नऊशे अंशांच्या आसपास भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, उरते ती ही चुनकळी. हलकी, तडकलेली, दिसायला साधा खडा. पहिले दोन खडे पाण्यात पडतात आणि क्षणभर काहीच होत नाही. मग बुडबुडे, मग खदखद, मग पिंपातून वाफेचा लोट वर चढतो. भट्टीत घेतलेली उष्णताच ही कळी परत टाकतेय. पाणी उकळतं, खडे फुटून पसरतात, चौकभर चुन्याचा कोरडा, नाकात झोंबणारा वास भरतो. खालच्या कोठीत कोंडलेलं मांजराचं पिल्लू ओरडायला लागतं. पाच-सात मिनिटांत सगळं निवतं आणि पिंपात दाट पांढरी पेज उरते.

हाच चुना भिंतीवर चढला की हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडीच होतो. दगडाचा लगदा करून भिंतीवर फिरवायचा आणि भिंतीवर त्याचा परत दगड होऊ द्यायचा. त्याला वेळ लागतो. वरचं कवच काही दिवसांत धरतं, पोटापर्यंत पोचायला महिने जातात. चुन्याच्या कामाची सगळी शिस्त या एका गोष्टीतून येते. पातळ थर द्या, दोन थरांत दिवस जाऊ द्या, ऊन लागू देऊ नका, ओलं ठेवा. घाई केली की तडे. आणि आजच्या काळात कुणाकडे नसते ती नेमकी हीच सवड. माझ्या मते चुना मागे पडला तो कमकुवत म्हणून नव्हे. तो थांबायला लावतो, म्हणून.

गिलाव्याचं मिश्रण घाणीत मळलं जातंय. पूर्वी बैल जुंपून दगडी चाक गोल चरात फिरवायचे. आपल्या किल्ल्यांवर तशा घाणी आणि चाकं जागोजाग दिसतात. इथे मोटरवर फिरणारी लोखंडी घाणी आहे. तिच्याजवळ एक मावशी बसल्यात, आणि या सगळ्या कामाची नाडी त्यांच्या हातात आहे असं थोड्या वेळात माझ्या ध्यानात येतं. एक घमेलं चुना, एक घमेलं सुरखी, दोन घमेली चाळलेली वाळू, हे प्रमाण मिस्त्रींनी सांगितलेलं. पण कधी थांबायचं ते मावशी ठरवतात. त्या मुठीत माल घेतात, दाबतात, मूठ उघडतात. बोटांचे ठसे राहिले पण तळव्याला चिकटलं नाही तर माल झाला. नाहीतर आणखी फेरे. सुरखी म्हणजे भाजक्या विटांचा भुगा. ती घातली की गिलावा ओल्या जागीसुद्धा आवळतो, म्हणून खालच्या भागात तिचं प्रमाण जास्त. दोन बादल्यांत काळपट पाणी आहे, एकात हिरडा भिजवलेला, दुसऱ्यात गूळ आणि बेलफळाचा गर. गुळानं चुना सावकाश आवळतो, हात फिरवायला सवड मिळते. हिरड्यानं चिवटपणा येतो. तागाचे बारीक कापलेले धागे मावशी हातानं पिंजून घालतात, तडे आवरायला. माल धागा धरून राहतो ही गोष्ट फार जुनी. वेरूळच्या लेण्यांमधल्या गिलाव्यात भांगेचे तंतू सापडल्याचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला होता. मी ते मावशींना सांगते. त्या हसत म्हणतात, “आमी ताग घालतो. भांग महाग हाय.”

साडेअकराला वायरमन येतो, खांद्यावर पिशवी, हातात कटर. त्याला वाटतं भिंत उघडीच आहे तर आत्ताच खाचा मारून घ्याव्यात, वायरिंग आत गेलं की वर काही दिसणार नाही. तो प्लग शोधायला लागतो.

“कटर भित्तीला लावायचा न्हाई,” मिस्त्री परांचीवरूनच सांगतात.

“अहो मामा, हल्ली सगळे कन्सिलच करतात.”

“करत्यात. आरसीसीला करा. ही मातीत रचलेली हाय. आडवी खाच मारली की वरचा भार कशावर? आणि खाच भरनार कशानं? सिमिटनं.”

वायरमन वहिनींकडे बघतो. वहिनी मिस्त्रींची बाजू घेतात: तारा लाकडी पट्टीवरून, तुळईच्या कडेनं, उघड्या न्यायच्या. त्याला ते पटलेलं नाही हे चेहऱ्यावर दिसतं, पण पट्ट्यांचं माप घ्यायला तो शिडी मागतो.

पुतण्या उठून खाली येतो तेव्हा बारा वाजत आलेत. वहिनींच्या धाकट्या दिरांचा मुलगा, हिंजवडीला नोकरी, काम बघायला म्हणून रात्री आलाय. भिंत पाहून तो हरखतो. “काकू, हे असंच ठेवूया ना! विटा काय सुंदर आहेत.” मोबाइलवर तो पुण्यातल्या एका कॅफेचे फोटो दाखवतो. उघड्या विटांची भिंत, पिवळे दिवे, लोखंडी खुर्च्या. “वरून क्लिअर कोट मारला की झालं. लोक यासाठी पैसे मोजतात.”

विटा सुंदर आहेत यात शंका नाही. दोन बोटं जाडीच्या, कुठे लाल, कुठे भाजताना काळवंडलेल्या. मलाही क्षणभर मोह होतो. पण मिस्त्री परांचीवरून उतरतात, एका सांध्यात खिळा घालतात आणि पोराच्या तळहातावर चिमूटभर माती काढून ठेवतात. “ही माती हाय. ह्यात सिमिट न्हाई, चुना न्हाई. ह्याला गिलाव्याचं पांघरून हवंच. उघडी ठेवली तर वारा माती काडनार, पावसाची झड वीट खानार. आन तुमचा तो चकाकी कोट मारला, तर पुन्ना तेच, वल आत.”

“पण जुन्या वाड्यांत असतात ना उघड्या विटा?”

“पडक्या वाड्यात असत्यात,” आजी खुर्चीवरून म्हणतात.

पुतण्याचा हिरमोड झालाय, पण तो विचार करतोय. मला त्याचं म्हणणं फेटाळून टाकावंसं वाटत नाही. जुन्या घरात राहायचं तर ते आपल्याला आवडलंही पाहिजे, आणि त्याच्या पिढीला आवड आहे ही मोठीच गोष्ट आहे. पुण्यात त्याच्या वयाच्या मुलांना वाडा दिसणार कुठे? १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी गोठली, वीस-पंचवीस बिऱ्हाडांच्या वाड्याचं वर्षाचं भाडं कौलं फिरवायलाही पुरेना. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, नदीकाठच्या पेठांमधली मातीची घरं पाण्यात बसली. राहिलेल्या वाड्यांच्या जागी गेल्या तीस-चाळीस वर्षांत इमारती उभ्या राहिल्या, पाटीवर नाव मात्र ‘वाडा’च. ज्यांना घर पाडून नीट जागा मिळाली त्यांना मी दोष देणार नाही; एका संडासापुढे वीस बिऱ्हाडांनी रांग लावण्यात सौंदर्य काही नव्हतं. या घरातही मागच्या चौकात नवी न्हाणीघरं आहेत, स्वयंपाकघरात ओटा आणि गॅस आहे, आजींच्या खोलीत पाश्चात्त्य पद्धतीचा संडास आहे. घर बदललंच पाहिजे. माझं भांडण बदलाशी नाही. घराची जात न ओळखता वरून चढवलेल्या मुखवट्याशी आहे, मग तो ऑइलपेंटचा असो की कॅफेतल्या उघड्या विटांचा.

सोप्यावर वेगळं काम चाललंय. सुरूच्या आकाराच्या सागवानी खांबांवर कुणी तरी एके काळी चॉकलेटी ऑइलपेंट चढवला, वरच्या कडीपाटावरही. दोघी बायका रसायन लावून तो पातीनं उतरवतायत. वहिनी स्वतः उभ्या राहून मास्क लावायला लावतात आणि कोरडं घासू देत नाहीत. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा दहा लाखांत नव्वद भाग अशी ठरवणारे नियम २०१६ चे, अमलात आले नोव्हेंबर २०१७ मध्ये. त्याआधीच्या रंगांत किती शिसं आहे कोण जाणे, आणि त्याची धूळ लहान मुलांना घातक. ओलं करून काढलेली साल वर्तमानपत्रावर जमा होते, मग पिशवीत बांधली जाते. खांबाच्या कमळातल्या पाकळ्या रंगानं बुजून सपाट झाल्या होत्या. एकीनं दात घासायचा जुना ब्रश घेऊन एक पाकळी मोकळी केलीय. छिन्नीची बारीक शीर तिच्या मधोमध दिसते. पुतण्या खाली बसून तिचा फोटो काढतो. पूर्ण झाल्यावर वर फक्त जवसाचं तेल.

जेवणं उरकून दोनला गिलावा सुरू होतो, उत्तरेकडच्या खणात. तो गेल्या आठवड्यात मोकळा करून, लोणा खरडून, कुजक्या विटा बदलून सुकत ठेवला होता. पोरं भिंतीवर पाणी मारतात. वीट पाणी पिते, पुन्हा मारतात, पुन्हा पिते. तिनं पिणं थांबवलं की मिस्त्री थापी उचलतात. माल थापीवर घेऊन ते लावत नाहीत, फेकतात. मनगटाचा एक झटका आणि माल सांध्यात घुसतो. फट, फट, फट, असा खालून वर एकसारखा आवाज येत राहतो. हातभर भाग भरला की लाकडी थापीनं चोपायचा, म्हणजे आतली हवा निघते. पाट्यानं ओढून सपाट करत नाहीत. भिंतीचा मूळ पोटफुगा तसाच ठेवून गिलावा तिच्या अंगाबरोबर जातो, त्यामुळे कोपऱ्यात कडा धारदार नाहीत, गोलसर आहेत. शेवटी खिळ्याच्या फणीनं आडव्या-तिडव्या रेघा, पुढच्या थराला पकड मिळावी म्हणून. हा रंग अजून पांढरा नाही. सुरखीनं गुलाबीसर मातकट आहे. दुसरा थर बारीक मालाचा, आणि तिसऱ्याला देवडीपुरती गारगोटीनं घोटाई करायची आहे, आरशाची नाही, हात फिरवला की गुळगुळीत लागेल इतकीच.

रंगाचा निर्णय आज व्हायचा आहे. कोपऱ्यात जुन्या चुन्याच्या गिलाव्याचा एक तुकडा शाबूत आहे, त्याच्यावर मिस्त्रींनी नमुने लावायला घेतलेत. पातळ चुना, त्यात डिंकाचं पाणी, एका वाटीत पिवडी, एकीत गेरू, एकीत नीळ. कुंचा फिरतो तेव्हा काहीच उमटत नाही. ओला चुना पारदर्शक असतो, खालचा डाग तसाच दिसतो. पुतण्या म्हणतो, लागलाच नाही. “थांबा,” मावशी म्हणतात. दहा मिनिटांत कडेकडून पांढरेपणा चढायला लागतो. पिवडीचा चौकोन ओला असताना हळदीकडे झुकत होता, सुकताना तो फिकट, मऊ होत जातो. गेरूचा वहिनींना भडक वाटतो. निळीचा चौकोन सगळ्यांत उशिरा उजळतो, आणि तो निळा म्हणावा की पांढरा हे उन्हाच्या तिरिपेवर ठरतं.

वहिनींचं मन पिवडीवर आहे, ओसरी अंधारी असल्यामुळे. पुतण्याचंही. आजींनी काही मागितलेलं नाही. वहिनीच विचारतात, “आई, निळा हवाय का तुम्हाला?”

“मला दिसतंय किती आता,” आजी म्हणतात. “ओसरीला पिवळाच लावा, येणाऱ्याला उजेड वाटला पाहिजे. माजघराला नीळ घाला. दुपारी तिथं गारवा असतो, निळं बरं वाटतं.”

“माजघर यंदा नाही व्हायचं, आई. आधी कौलं आहेत.”

“मग पुढल्या साली.”

मिस्त्री पिवडीची वाटी बाजूला काढून तिच्यावर झाकण ठेवतात, प्रमाण वहीत टिपून घेतात: बादलीला किती मुठी. रंग लागायला अजून अवकाश आहे. तिन्ही थर आधी आवळले पाहिजेत. तोवर गिलावा सुकू द्यायचा नाही, हे खरं जोखमीचं काम, आणि ते मजूर गेल्यावर घरच्यांनीच करायचं. पोरं बारदान भिजवून नव्या गिलाव्यासमोर टांगतात. सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि निजायच्या आधी पाण्याचा हलका फवारा. पाइपाची धार नाही.

वहिनी कालनिर्णय खिळ्यावरून काढतात आणि जोत्यावर मांडून पाळ्या लिहायला बसतात. सकाळची त्यांची, दुपारची मावशींची, संध्याकाळची घरातल्या काकांची, दुकानातून आल्यावर. वायरमन पट्ट्यांच्या मापांचा कागद घेऊन मध्येच विचारतो की खिळे तुळईत मारायचे की भिंतीत, आणि मिस्त्री त्याला तुळईखालच्या लाकडी भरण्यावर खडूनं खुणा करून देतात. पुतण्या फवाऱ्याचा पंप हातात घेऊन दाब किती लागतो ते बाजूच्या दगडावर मारून बघतोय. मिस्त्री नोझल फिरवून धुकं होईल इतकं बारीक करून देतात.

“शनिवार-रविवार मी येतो,” तो म्हणतो. “चारही पाळ्या माझ्या नावावर लिही, काकू.”

“संक्रांतीपर्यंत?”

“हो. आणि रंगाचे दिवस मिस्त्रीमामांनी आधी सांगा, मी सुट्टी टाकतो. कुंचा मला धरायचाय.”

वहिनी लिहून घेतात.